कळशी चालते, धावणं चालत नाही

लेक नऊ महिन्यांची असताना मी पुण्यातल्या एका पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. छातीवर लावायचा नंबर घरी आला आणि वाद सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीचं अंग कच्चं असतं. धावलीस तर अंग बाहेर येईल." मावशीने फोनवरून भर घातली, की दूध आटेल आणि उरेल ते आंबेल. शेजारच्या काकूंची तक्रार वेगळी: तान्हं लेकरू घरी टाकून रस्त्याने पळत सुटायचं म्हणजे काय! हे आक्षेप हसून उडवून देता येतात. पण त्यांतला एक बराचसा खरा आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी दुधाचं बघू. १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळंत होऊन सहा ते आठ आठवडे झालेल्या, बाळाला फक्त अंगावर पाजणाऱ्या ३३ जणींचे दोन गट केले होते. एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटं व्यायाम केला. दुसऱ्याने केला नाही. दूध किती येतं, त्यात काय असतं, बाळाचं वजन किती वाढतं, कशातच फरक पडला नाही. अगदी दम निघेपर्यंत पळालं तर दुधातलं लॅक्टिक आम्ल थोडा वेळ किंचित वाढतं. त्याने बाळाला अपाय होत नाही. पळायला जाण्याआधी पाजून घ्यावं हे खरं, पण ते छाती जड राहू नये म्हणून.

काकूंचा आक्षेप तर जुनाच आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कोएन निघाली तेव्हा ती तीस वर्षांची आणि दोन मुलांची आई होती. तिने घरी राहून पोरं सांभाळावीत, असं तिलाही सुनावलं गेलं. ती चार सुवर्णपदकं घेऊन परतली. माझा नवरा लेक दोन महिन्यांची असल्यापासून रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला जातो. त्याने लेकरू कुठे टाकलं, हे काकूंनी आजवर विचारलेलं नाही.

उरला सासूबाईंचा आक्षेप. तो मी खोडून काढणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, कधी फाटतात. पोटाचे स्नायू मधोमध दुभंगलेले असतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तिघा फिजिओथेरपिस्टांनी बाळंतिणींच्या धावण्याविषयी मार्गदर्शक सूचना लिहिल्या. तीन महिन्यांच्या आत धावू नका, असं त्या सांगतात. त्यानंतरही अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद तोल धरणं, जागच्या जागी मिनिटभर पळणं, एकेका पायावर दहा उड्या, हे सगळं न दुखता, ओटीपोटात जडपणा न येता आणि लघवी न गळता जमलं, तरच धावायचं. म्हणजे आजीच्या काळची सव्वा महिन्याची विश्रांती जास्त नव्हतीच, उलट कमी पडत होती!

पण आपल्याकडे सव्वा महिना सरला की काय होतं? शेगडी विझते, कानाचा रुमाल सुटतो आणि बाळंतीण कामाला लागते. गावात डोक्यावर कळशी येते. शहरात पाण्याची बादली, गव्हाचा डबा, कडेवर पोर घेऊन तीन जिने. या वजनांचा भार त्याच कच्च्या स्नायूंवर पडतो. तेव्हा अंग बाहेर येण्याची धास्ती कुणाला वाटत नाही. माझा आरोप इथे आहे: आपला आक्षेप बाईच्या श्रमाला कधीच नव्हता, घराच्या उपयोगी न पडणाऱ्या श्रमाला होता.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळते. ते धावायला सांगतात, पण "पूर्वीसारखी हो" म्हणून. नऊ महिने झाले तरी पोट उतरलं नाही? मग पाच कशाला, दहा किलोमीटर धाव. धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण त्यांच्या तोंडी तयार असतं: जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली, नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मधल्या काळात तिच्या कमरेखालच्या हाडाला तडा गेला होता, हे मात्र कुणी सांगत नाही. एवढ्या कसलेल्या धावपटूच्या हाडाने घाई सोसली नाही, तिथे ऑफिस आणि रात्रीची जागरणं सांभाळणाऱ्या बाईने कुणाची बरोबरी करायची?

म्हणून मी पाच किलोमीटरच्या बाजूने आहे. तयारीशिवाय जमू नये इतकं ते लांब आहे आणि दोन पाजण्यांच्या मध्ये बसावं इतकं आखूड. चौथ्या महिन्यात मी नुसती चालले. पाचव्यात एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं सुरू केलं, आणि तिसऱ्याच दिवशी सलवार ओली झाली. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी टाके पाहिले, बीपी घेतलं, "सगळं छान" म्हटलं. लघवीचं काही विचारलं नव्हतं. मीही बोलले नव्हते. मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने धावणं थांबवून दोन महिने फक्त स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम दिला आणि आधी हिमोग्लोबिन बघून घ्यायला लावलं. ते योग्यच होतं, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

एका दुपारी मी सतरंजीवर तो व्यायाम करत होते. हा कशासाठी, असं सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला शिंक आली की होतं. धाकट्याच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात आडावरून पाणी आणायला लागले, तेव्हापासून." धाकटा आता एकतीस वर्षांचा आहे. अंग बाहेर येण्याचा धाक त्यांनी कुठून आणला होता, ते तेव्हा कळलं.

शर्यतीला मला त्रेचाळीस मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर एक आजोबा मला मागे टाकून गेले. तेवढा वेळ मी घराच्या काडीच्याही उपयोगाची नव्हते. रेषेपलीकडे सासूबाई लेकीला घेऊन उभ्या होत्या. ती भुकेने रडत होती. तिला माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "घे. आणि त्या तुझ्या बाईंकडे माझाही नंबर लाव."