सुजलेल्या पायाची उपेक्षा

पॅरिसचे नामांकित वैद्य आर्मां त्रुसो यांनी कर्करोग आणि शिरांमध्ये रक्त गोठणे यांचा संबंध १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानातून मांडला. दैवदुर्विलास असा की, १८६७ च्या जानेवारीत त्यांच्या स्वतःच्याच शिरेत तशी गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांनी तत्काळ ओळखला; त्याच वर्षी जूनमध्ये पोटातील कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

दीडशेहून अधिक वर्षे वैद्यकाला ठाऊक असलेली ही गोष्ट कर्करोग्याच्या घरापर्यंत मात्र अद्याप पुरतेपणी पोचलेली नाही. केस गळतील, वांत्या होतील, हे आप्तांना माहीत असते. परंतु एकच पाय सुजला, पोटरी ठणकू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावयाचे असते, हे कितीजणांना बजावले जाते? मग सुजेचे खापर अशक्तपणावर फुटते आणि घरातील वडीलधारी माणसे मायेने पाय चोळून देतात. ही माया घातक ठरू शकते. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर कर्करोग आटोक्यात येत असलेला रोगीही काही मिनिटांत दगावू शकतो.

कर्कपेशी रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करतात. शस्त्रक्रिया, काही औषधे, शिरेत बसविलेली नळी आणि अंथरुणाला खिळणे यांची त्यात भर पडते. स्वादुपिंड, जठर व मेंदू यांच्या कर्करोगात हा धोका विशेष असतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जुन्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रोग्यांना सहा महिन्यांत पुन्हा गुठळी झाली; हेपॅरिनच्या सुधारित प्रकाराची रोज इंजेक्शने घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पुढे नव्या गोळ्याही आल्या. जठर-आतड्यांच्या कर्करोगात त्यांपैकी काहींनी रक्तस्राव वाढतो. तेव्हा दुकानातून परस्पर आणून घेण्याचे हे औषध नव्हे.

सर्वच रोग्यांना ही औषधे सरसकट द्यावीत, असे कोणी जाणता म्हणणार नाही. मागणी त्याहून पुष्कळ साधी आहे. परळला उपचार घेऊन रात्रभर गाडीत पाय दुमडून विदर्भातील गावी परतणाऱ्या रोग्याला औषधांच्या चिठ्ठीसोबत या लक्षणांचा मराठीत छापलेला कागद मिळावा. आणि तो कागद घेऊन तो जिल्ह्याच्या रुग्णालयात आला, तर पायाची डॉप्लर सोनोग्राफी पुढल्या आठवड्यावर ढकलली जाऊ नये.