विश्लेषण : व्याजदर वाढला, हप्ता तोच, मग गृहकर्ज फिटणार कधी?

तीस लाखांचे गृहकर्ज, मुदत २० वर्षे, व्याज ६.७५ टक्के. २०२१ मध्ये असे कर्ज घेणाऱ्याचा मासिक हप्ता २२,८११ रुपये बसला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी जोडलेली असल्याने ही वाढ बहुतेकांच्या कर्जात थेट उतरली. व्याज ९.२५ टक्के झाले. हप्ता मात्र अनेकांचा तोच राहिला, कारण बँकेने मुदत लांबवली आणि त्याचा संदेश कर्जदाराने वाचला किंवा वाचला नाही.

आता साधा हिशेब. तीस लाखांवर ९.२५ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच २३,१२५ रुपये होते. हप्ता २२,८११. म्हणजे कर्ज नुकतेच घेतलेले असेल तर ते फिटणार नाही, उलट दर महिन्याला वाढेल. वर्षभर हप्ते भरून झाले असतील तर मुद्दल ७३ हजारांच्या आसपास उतरलेले असते. त्या उरलेल्या रकमेलाही याच हप्त्याने ४८ वर्षांहून अधिक लागतील. बँकांच्या ॲपमधले हप्ता-गणक हे चित्र दाखवत नाहीत. तिथे एका वेळी एक पट्टी सरकवायची आणि एक उत्तर बघायचे, एवढीच सोय. दर आणि हप्ता दोन्ही हलले तर काय, हे एका नजरेत बघायला स्प्रेडशीटमधला तक्ता लागतो.

हा तक्ता मांडायचा कसा?

एक्सेलमध्ये बी१ मध्ये कर्जाची रक्कम, बी२ मध्ये वार्षिक दर, बी३ मध्ये हप्ता लिहावा. बी४ मध्ये मुदत काढणारे एनपीईआर हे फंक्शन (नाव इंग्रजीतच टाइप करायचे): पहिल्या जागी दर भागिले १२, दुसऱ्या जागी हप्ता उणे चिन्हासह, तिसऱ्या जागी रक्कम. उणे चिन्ह विसरले तर महिन्यांची संख्याच उणे येते, त्यामुळे ही चूक लगेच कळते.

मग शेजारी तक्ता. डी१ या कोपऱ्यातल्या सेलमध्ये ‘बरोबर बी४’ एवढेच. त्याच्या खाली, डी रकान्यात, दर: ६.७५, ७.५, ८, ८.५, ९.२५. त्याच्या उजवीकडे, पहिल्या ओळीत, हप्ते: २२,८११, २५,०००, २७,५००, ३०,०००. कोपऱ्यासकट सगळा भाग निवडून ‘डेटा’ टॅबमधल्या ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’मध्ये ‘डेटा टेबल’ उघडावे. ‘रो इनपुट सेल’मध्ये बी३, कारण हप्ते ओळीत आहेत; ‘कॉलम इनपुट सेल’मध्ये बी२, कारण दर रकान्यात आहेत. लिब्रऑफिस कॅल्कमध्ये हेच काम ‘मल्टिपल ऑपरेशन्स’ या नावाने होते.

तक्ता भरला की हप्ता २२,८११ वर कायम ठेवलेला रकाना आधी बघावा. ७.५ टक्क्यांना २७७ महिने, म्हणजे २३ वर्षे. ८ टक्क्यांना २६ वर्षांच्या वर. ८.५ टक्क्यांना ३८० महिने, जवळपास ३२ वर्षे. ९.२५ टक्क्यांना आकडाच नाही, एररची खूण. आता ९.२५ च्याच ओळीत उजवीकडे सरकावे: २५,००० चा हप्ता दिला तर २८ वर्षे, २७,५०० ला २० वर्षे, ३०,००० ला १६ वर्षे. दोन-अडीच हजारांच्या फरकाने आठ वर्षे कमी होतात, हे सांगायला कोणत्याही सल्लागाराची गरज उरत नाही.

त्या एरर आलेल्या सेलबद्दल एक गोष्ट. पत्रक नीटनेटके दिसावे म्हणून पुष्कळ जण ‘इफएरर’ लावून तिथे शून्य किंवा कोरी जागा आणतात. कर्ज फिटण्याला ‘शून्य महिने’ लागतील असे दाखवणारा तक्ता एररपेक्षा वाईट. या संपूर्ण तक्त्यातला सर्वात प्रामाणिक सेल तोच आहे. तो तसाच राहू द्यावा.

सेटिंग कुठे दगा देते?

सर्वाधिक घोटाळा दोन इनपुट सेलच्या अदलाबदलीत होतो. वरच्या उदाहरणात अदलाबदल झाली तर सगळीकडे एरर येते आणि चूक पकडली जाते. पण दोन्ही चल टक्क्यांतले असतील, समजा महागाईचा दर आणि ठेवीवरील परतावा, तर अदलाबदल होऊनही आकडे अगदी खरे वाटतात. यावर उपाय सोपा आहे. मूळ पत्रकात जे आकडे आहेत तेच तक्त्याच्या एका ओळीत आणि एका रकान्यात ठेवावेत. त्यांच्या छेदावरचे उत्तर बी४ शी जुळले नाही तर तक्ता चुकला.

दुसरा दगा अधिक छुपा आहे. ‘फॉर्म्युला’ टॅबमधल्या गणनेच्या पर्यायांत ‘डेटा टेबल वगळून आपोआप’ अशी एक निवड असते. मोठे तक्ते पत्रक संथ करतात म्हणून कार्यालयांत ती लावली जाते. मग बी१ बदलले की बी४ बदलते, तक्ता मात्र जुन्याच आकड्यांवर बसून राहतो, एफ९ दाबेपर्यंत. त्यातही हे सेटिंग सत्रात आधी उघडलेल्या फाइलवरून ठरते. म्हणजे कुणा सहकाऱ्याची फाइल आधी उघडली असेल तर घरच्या कर्जाचा हिशेबही शिळा दिसू शकतो. शिवाय दोन्ही इनपुट सेल तक्त्याच्याच शीटवर हवेत. दुसऱ्या शीटवरचे चालत नाहीत.

दोनपेक्षा अधिक ‘जर’ असले तर?

डेटा टेबल दोनच चल घेते. १९८० च्या दशकातल्या लोटस १-२-३ मध्येही साधारण हीच सोय होती. घरातल्या अडचणी मात्र जोडीजोडीने येत नाहीत. दर वाढतो त्याच वर्षी बोनस बुडतो आणि मुलाची फी वाढते. यासाठी ‘सिनॅरिओ मॅनेजर’ आहे. त्यात एका परिस्थितीला ३२ पर्यंत बदलते सेल देता येतात: ‘सुरळीत’, ‘दर वाढला’, ‘दर वाढला आणि एक पगार बंद’. त्यातून निघणारा सारांश अहवाल मात्र गोठलेला असतो. मूळ आकडे बदलले की तो पुन्हा काढावा लागतो.

खरा प्रश्न साधनाचा नाहीच, आकड्यांच्या टप्प्याचा आहे. बहुतेक लोक आजच्या दराच्या वर-खाली अर्धा टक्का ठेवून तक्ता करतात आणि निश्चिंत होतात. नऊ-दहा महिन्यांत रेपो अडीच टक्क्यांनी चढल्याचे ताजे उदाहरण समोर असताना अर्ध्या टक्क्याची कसोटी ही कसोटीच नव्हे. २०२५ मध्ये दर खाली आले म्हणून ती ओळ पुसून टाकण्याचे कारण नाही. २० वर्षांच्या कर्जात दर पुन्हा फिरायला भरपूर वेळ असतो.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे, हा पर्याय कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. पर्याय मागायला जाताना तक्त्यातली आपली ओळ हाताशी असली तर ‘तुमचा हप्ता वाढणार नाही, काळजी करू नका’ या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो.

फोनवर काय करायचे?

गूगल शीट्समध्ये डेटा टेबल नाही आणि एक्सेलच्या ब्राउझरमधल्या आवृत्तीत तो नव्याने तयार करता येत नाही. त्याची गरजही नाही. ई२ मध्ये तेच एनपीईआर लिहावे. फक्त दरासाठी ‘डी२’ मधील डी च्या आधी, हप्त्यासाठी ‘ई१’ मधील १ च्या आधी आणि रकमेसाठी ‘बी१’ मध्ये दोन्हींच्या आधी डॉलरचे चिन्ह घालावे. डी आणि १ जागच्या जागी खिळतात, बाकीचे सरकते. मग ते सूत्र कॉपी करून संपूर्ण चौकोनात पेस्ट करावे. वीस सेल, पाच मिनिटांचे काम. इथे इनपुट सेलची अदलाबदल होत नाही आणि एफ९ ही लागत नाही.