कुंभाराचें गाढव आणि घाटांतील गाडी

आमच्या पुतण्यानें चार वर्षांपूर्वीं एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर विकत घेऊन तिचें फिरतें घर केलें. मागें दोन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि आमच्या वडील भगिनी अक्का यांच्या आग्रहास्तव देवांसाठीं एक कोनाडा. ही जातीची पुणेकर गाडी. आकुर्डीच्या ज्या कारखान्यानें ती १९८७ सालीं प्रथम बाजारांत आणिली, तो तेव्हां बजाज टेंपो या नांवानें ओळखला जात असे. २००५ पासून त्याचें नांव फोर्स मोटर्स झालें.

गेल्या मार्गशीर्षांत अक्कांस वाईच्या ढोल्या गणपतीचें दर्शन घडवावें म्हणून आम्ही निघालों. अक्कांचें वय ७८. खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला आणि गाडीचा जोर ओसरूं लागला. धूर नाहीं, खडखडाट नाहीं, दिव्यांतील तेल संपावें तशी ती विझली. मागें ऊस वाहणारा मालट्रक. एंजिन थांबलें कीं ब्रेकास मिळणारें त्याचें साहाय्यहि थांबतें. दोनचार वेळां पेडल दाबलें कीं तें दगडासारखें जड होतें. पुतण्यानें हँडब्रेक ओढला, आम्हीं उतरून चाकामागें दगड लावला. (घाटांत असे दगड हवे तितके सांपडतात, कारण आमचे वाहनचालक काम होतांच ते रस्त्यांतच सोडून जातात. ही संवय निंद्य आहे. त्या दिवशीं मात्र आम्हीं तिचा लाभ घेतला.) अक्का आंतून एवढेंच म्हणाल्या, "घाबरूं नकोस रे, माझें जप चालूं आहे." दहा मिनिटांनीं गाडी जणुं कांहीं झालेंच नाहीं अशी सुरू झाली. पुढें जाण्याचा धीर कोणासच झाला नाहीं. घाटमाथ्यावरून वळून बोगद्याच्या वाटेनें परत आलों.

गॅरेजांत मिस्त्रींनीं फिल्टर बदलला. आठ दिवस सुखाचे गेले, पुन्हां तेंच. तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, चढावर पंप तापतो आणि प्रेशर सोडतो. इंजेक्शन पंपच करून घ्या." खर्च २८,००० रुपये. पुतण्या कंटाळून म्हणाला, "काका, भंगारांतच घालतों." अक्का ऐकत होत्या, बोलल्या कांहीं नाहींत.

आम्हांस यंत्रविद्या येत नाहीं. परंतु तरुणपणीं न्यायशास्त्राचे पाठ घेतलेले, आणि कारण कोणतें हें ठरविण्याची रीत त्या शास्त्राइतकी क्वचितच कोणी घोटून घेतली असेल. घट होण्यापूर्वीं माती वाहणारें गाढव तेथें असतें, म्हणून तें घटाचें कारण होत नाहीं. माती दुसऱ्या वाटेनें आली तरी घट होतोच. आम्हीं पुतण्यास वहींत प्रत्येक वेळ लिहावयास लाविली. तेव्हां निघालें असें: सोलापूर रस्त्यावर, इंदापूरच्या पुढें, अगदीं सपाटीवर गाडी एकदां थांबली होती, आणि दिवे घाट सकाळच्या गारव्यांत, रिकाम्या गाडीनें, दोनदां विनातक्रार चढली होती. म्हणजे चढ हें गाढव! खरें साधारण लक्षण एकच, बराच वेळ सतत पुष्कळ डिझेल ओढलें जाणें.

मिस्त्रींचें म्हणणें तरीहि निराधार नव्हतें. झिजलेला पंप तापल्यावर दाब सोडतो हें खरें. म्हणून पुढील वेळीं कात्रजच्या जुन्या घाटांत गाडी विझतांच तीन गोष्टी पाहिल्या. टाकीचें झांकण उघडलें. फरक नाहीं, अर्थात् टाकीस हवा न मिळाल्यामुळें हें होत नव्हतें. फीड पंपावरील हातपंप दाबून पाहिला. तो मागें ओढल्यासारखा आंखडला, जणुं पलीकडून कोणी नळी चिमटींत धरिली आहे. फिल्टरवरील स्क्रू सैल केला, बुडबुडे नाहींत. म्हणजे मिस्त्री लोक ज्यास 'गाडी एअर घेते' म्हणतात तोहि प्रकार नव्हे.

राहिला व्यतिरेक. मिस्त्रींच्याच देखरेखीखालीं टाकीकडे जाणारी नळी सोडून ती डिझेलच्या एका स्वच्छ, बांधून ठेवलेल्या डब्यांत घातली. उरलेलें डिझेल परत आणणारी दुसरी नळीहि त्याच डब्यांत घालावी लागते. एरव्हीं तें जुन्या टाकींत जाऊन डबा रिता होतो. (पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग कोणींहि करूं नये.) पंप तोच, ऊन तेंच, घाट तोच, बदलली एकटी टाकी. गाडी घाट एका दमांत चढली, उतरली, पुन्हां चढली. मिस्त्री डोकें खाजवीत हंसले व स्वतःच म्हणाले, "टाकी खालीं घेऊं."

तळाशीं वाटीभर पाणी, गंज आणि काळी बुळबुळीत साय निघाली. अशी गाडी वर्षांतील बहुतेक दिवस उभीच असते. अर्धरिकाम्या टाकींतील दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं बसतें. पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांचीच ती साय. ओढ वाढली कीं ती शोषनळीच्या जाळीवर चिकटे, एंजिन थांबलें कीं सुटून खालीं बसे. दहा मिनिटांच्या विश्रांतीचें रहस्य हें! नवा फिल्टर टाकीच्या पुढें, त्यास याचा पत्ता कोठून लागणार? टाकी धुणें, जाळी आणि रबरी नळ्या मिळून ३,५०० रुपये झाले. आतां पावसाळ्यापूर्वीं टाकी काठोकाठ भरून ठेवण्याचें काम आमच्या कुटुंबानें आपल्या यादींत, लोणच्याच्या खालोखाल लिहिलें आहे.

माघांत पुन्हां निघालों. खंबाटकी चढतांना कोणी बोललें नाहीं. अक्कांची माळ मात्र जरा भरभर चालली होती. वाईस रास्त्यांनीं बांधविलेल्या त्या देवळांत त्या बराच वेळ बसल्या. आम्हीं तेवढ्यांत प्राज्ञपाठशाळेवरून एक फेरी मारिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या त्या गांवीं कुंभाराच्या गाढवाची आठवण होणें साहजिक होतें. परत आलों तों अक्का गाडींत बसून पुतण्यास विचारीत होत्या, "गाणगापूर किती लांब रे?"