खेळणारा की खेळ घडवणारा?



वर्षावासातला एक रविवार. विहारात वंदना झाली, ग्रंथवाचन झाले, आणि चपला घालता घालता एका ताईंनी मला बाजूला घेतले. पवईच्या फुलेनगरच्या चढावर त्यांचे घर. यजमान टॉवरमध्ये वॉचमन, स्वतः ताई चार घरची धुणीभांडी करतात. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाई, पोरगं हातचं गेलं. रात्र रात्र त्या कॉम्प्युटरवर गेम, गेम आणि गेम. तुम्ही त्याला शिकवलंय, तुमचं ऐकेल."

मी तशीच गेले आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या त्या मुलाला चांगले फैलावर घेतले. बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला आणि तू काय करतोस, वगैरे सगळे बोलून झाले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्याने तो जुना, सेकंडहँड लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाला, "बाई, मी गेम खेळत नाही. मी गेम बनवतोय."

पडद्यावर आमचाच चढ होता. पायऱ्या, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरे, खाली नळ. एक मुलगी कमरेवर हंडा घेऊन वर निघालेली. नळ जायच्या आत चार खेपा करायच्या. पळाले तर पाणी सांडते, हळू चालले तर वेळ संपते. वाटेत एक आजी तांब्याभर पाणी मागते. द्यायचे की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे.

माझे शब्द माझ्याच घशात अडकले. न विचारता रागावणे ही आम्हा मास्तर लोकांची जुनी खोड, ती त्या दिवशी मला नडली.

हे काम होते कसे, ते मी नंतर त्याच्याकडूनच समजून घेतले. गेम तयार करायला एक मूळ सॉफ्टवेअर लागते, त्याला इंजिन म्हणतात. 'गोडो' नावाचे असे एक इंजिन अर्जेंटिनातल्या दोघा तंत्रज्ञांनी बनवले आणि २०१४ साली ते सर्वांसाठी खुले केले. त्याला फी नाही, विक्रीतला वाटा नाही, आणि साध्या कॉम्प्युटरवरही ते चालते. त्यात चित्रे टाकायची, आवाज टाकायचे, आणि कुठले बटण दाबले की काय व्हावे हे प्रोग्रॅमच्या भाषेत लिहायचे. एका खेळात चित्रकार, गवंडी, गोष्ट सांगणारा आणि हिशेबनीस असे सगळेच लागतात. मोठ्या कंपन्यांत या कामाला शेकडो माणसे असतात. छोट्या, स्वतंत्र खेळात एक-दोघेच सगळे करतात.

अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने शेतीवरचा 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून केला. त्या काळात तो थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचे काम करून पैसे मिळवत असे. २०१६ मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आपल्या पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी' हा खेळ केला. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते, अशी त्याची गोष्ट. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले, ते फसले. तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ जगभर विक्रीला आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनात त्याचे नाव झळकले. कोलकात्यात मुलींच्या तस्करीवर 'मिसिंग' नावाचा खेळ २०१६ साली निघाला. म्हणजे खेळातून समाजाचे दुखणेही सांगता येते.

आता कोणी म्हणेल, धम्मात खेळाला थारा आहे का? दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात भिक्खूंनी टाळायच्या खेळांची यादी आहे. आठ आणि दहा घरांचे पट, फासे, चेंडू, विटीदांडूसारखा खेळ, लहान मुलांचा नांगर, भिरभिरे. ते बंधन भिक्खूंसाठी. आपल्यासारख्या गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्तात जो इशारा आहे, तो जुगाराविरुद्ध. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा झुरतो, घरचे धन जाते, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र दूर होतात, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. मोबाईलवर पैसे लावून खेळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. तेव्हा आई-बापांनी पहिला प्रश्न हा विचारावा : मूल पैसे लावते आहे, नुसते खेळते आहे, की काही घडवते आहे? तिन्हींना एकाच काठीने हाकू नये.

पुढची गंमत ऐका. मी ताईंना बोलावून तो खेळ त्यांच्याच हातात दिला. पहिल्या खेपेला हंडा सांडला, दुसऱ्यालाही सांडला. ताई चिडल्या. "अरे, भरला हंडा घेऊन कोणी असं चालतं का? वळणावर आपण थांबतो, हंडा सावरतो, मग पाऊल टाकतो. आणि नळाला आधी गढूळ पाणी येतं, ते सोडून द्यावं लागतं!" मुलगा भराभरा वहीत टिपून घेत होता. या धंद्यात खेळ दुसऱ्याला खेळायला देऊन चुका काढून घेणे हे फार महत्त्वाचे काम समजतात. ते काम त्या दिवशी आईने केले. जन्मभर पाणी वाहिलेल्या बाईपेक्षा त्यातला जाणकार दुसरा कोण?

खेळ प्रसिद्ध करायची वेळ आली, तेव्हा नवीनच अडचण. गुगलच्या प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन हजारांवर रुपये लागतात. ते ताईंनी भिशीतून दिले. पण वैयक्तिक नवीन खात्याला आणखी एक अट आहे : किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहिले पाहिजे. एकट्याने बारा माणसे आणायची कुठून? शेवटी विहारातच विषय काढला. बालसंस्कार वर्गाच्या ताई, रिक्षावाले दादा, महिला मंडळातल्या तिघी, अशी मोजून चौदा जणांची यादी झाली. संघटित व्हा, याचा अर्थ मोर्चापुरताच नसतो हे त्या दिवशी पटले.

आता कटू भाग. खेळ लागला, पण अजून शंभर लोकांनीही तो घेतलेला नाही. कमाई शून्य. 'स्टीम' या कॉम्प्युटर-खेळांच्या मोठ्या बाजारात एका खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा तो बाजारच घेतो. तिथे २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक खेळ आले. त्यातल्या बहुतेकांकडे कोणी फिरकतही नाही. 'इच' नावाच्या संकेतस्थळावर मात्र फुकट खेळ ठेवता येतो, नवख्याने तिथून सुरुवात करावी.

म्हणून तरुणांना माझे चार शब्द. पहिला खेळ दोन-तीन महिन्यांत पुरा होईल एवढाच छोटा घ्या. त्यासाठी कर्ज काढू नका, कॉलेज सोडू नका. दुसऱ्याचे चित्र किंवा आवडते भीमगीत परवानगीशिवाय उचलू नका, तीही कोणाची तरी मेहनत आहे. आणि पैसे घेऊन खेळ विकणार असाल, तर प्ले स्टोअरवर तुमचा पत्ता सर्वांना दिसतो, हे विशेषतः मुलींनी ध्यानात ठेवावे.

आई-बापांनाही एक माहिती. आमच्या पवईच्या आयआयटीत १९६९ पासून आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे. तिथे बारावीनंतर 'यूसीड' परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. ती परीक्षा विज्ञानच नव्हे, वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांनाही देता येते. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत, आणि १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही त्या मिळतात. फक्त केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. त्या भिंतीच्या आत आपल्या आया झाडलोट करायला रोज जातात. त्यांच्या लेकरांनी वर्गात बसायला जावे.

एक गोष्ट मात्र मनात राहते. आपल्याकडच्या गाजलेल्या खेळांत पुराणातले देव आणि राक्षस भरपूर आहेत. 'राजी'तही आहेत. ज्याने त्याने आपली गोष्ट सांगावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळभर पाण्यासाठी आपली माणसे चवदार तळ्यावर उतरली, ती गोष्ट कोण सांगणार? ती आपणच सांगायची आहे.

त्या मुलाला मी परवा विचारले, आजीला पाणी दिले तर खेळात किती गुण मिळतात? तो म्हणाला, "गुण नाहीत, बाई. फक्त पुढच्या खेपेला आजी दार उघडून सावलीत बसायला जागा देते."

ताई आता रात्री त्याला चहा करून देतात. परीक्षा जवळ आली की लॅपटॉप मात्र स्वतःच्या उशाखाली ठेवतात. दोन्ही बरोबरच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!