दफ्तर कुणाच्या घरी? : नवी वतनदारी आणि सार्वजनिक संस्था

१/ गावाचा कागद गावाचा असतो. पण तो कुणाच्या घरी ठेवलेला आहे, यावर गावातील सत्ता ठरते. मराठी मुलखाने हे शतकानुशतके अनुभवले. तोच प्रश्न आज सरकारे, न्यायालये व विद्यापीठे यांच्यापुढे नव्या रूपात उभा आहे. सार्वजनिक संस्थांचे दफ्तर बड्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या घरी असावे काय? माझे मत आरंभीच सांगतो : असू नये. का, ते या थ्रेडमध्ये. #थ्रेड #इतिहास

२/ प्रारंभ कुलकर्ण्यापासून करू. गावचा कुलकर्णी हा वतनदार. कुणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, याची नोंद त्याच्या हाती. लिपी मोडी, आणि दफ्तर बहुधा त्याच्याच घरी. पाटील गावाचा मुख्य खरा, पण कागद काढून वाचणारा कुलकर्णी. राजे बदलले, सुभेदार बदलले; वतन वंशपरंपरागत असल्यामुळे कुलकर्ण्याचे घर मात्र तेच राहिले.

३/ याचा परिणाम उघड होता. ज्याच्याशिवाय नोंद सापडत नाही आणि सापडली तरी वाचता येत नाही, त्याला दूर सारणे कोणत्याही राजवटीला जड जाते. महात्मा फुले यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीवर कठोर टीका केली, तिच्या मुळाशी हीच विषमता होती. शेतकऱ्याच्या जमिनीविषयी शेतकऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असलेला माणूस, आणि त्याला पडताळून पाहण्याचे साधन कुणापाशीच नाही.

४/ १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आणली. तलाठ्याची बदली होऊ शकते, दफ्तर मात्र सजावरच राहते. या सुधारणेचा गाभा माझ्या मते येथेच आहे : माणूस बदलला तरी कागद सरकारचाच राहिला.

५/ आता संगणकाकडे वळू. एखादे कार्यालय वीस वर्षे एकाच कंपनीच्या प्रणालीत पत्रे लिहिते, तिच्याच ईमेलवर बोलते, तिच्याच क्लाउडमध्ये दस्तऐवज ठेवते. कर्मचाऱ्यांचे शिक्षण त्याच साधनांवर होते. पुढे कंपनीने शुल्क वाढवले, तर बाहेर पडण्याचा खर्च इतका असतो की वाढीव शुल्क देणेच स्वस्त पडते. वतन मोडणे परवडू नये, अशीच ही रचना आहे.

६/ अर्थात उपमेला मर्यादा आहेत. कुलकर्णी गावातच राहत असे. त्याला चावडीवर उभे करता येई, गोतसभेपुढे वाद नेता येई. दूरच्या खंडातील कंपनीला कोणत्या चावडीवर बोलावणार? शिवाय कुलकर्ण्याकडे एका गावाचे दफ्तर असे. येथे एकाच घरात हजारो गावांचे आहे. म्हणजे उपमा जेथे अपुरी पडते, तेथे आजची स्थिती अधिकच अवघड दिसते.

७/ या वतनदारीविरुद्ध गाजलेला प्रयोग जर्मनीतील म्युनिक शहराने केला. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४ चा आधार काढून घेण्याचे ठरवल्यावर सुमारे १४,००० संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न नगरपालिकेपुढे आला. नवी विंडोज घ्यावी की मुक्त स्रोत लिनक्सकडे जावे? मुक्त स्रोत म्हणजे ज्याची घडण सर्वांसाठी उघडी असते आणि जी कुणालाही तपासता, बदलता व वाटता येते, अशी प्रणाली.

८/ प्रकरण इतके तापले की २००३ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर आपली सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटावयास गेले. सवलतीही देऊ केल्या गेल्या. तरी मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. कंपनीच्या दृष्टीने १४,००० संगणक ही किरकोळ संख्या. पण एक गाव वतन मोडू शकते हे दिसले, तर इतर गावे गप्प बसत नाहीत.

९/ ‘लिमुक्स’ नावाचे हे स्थलांतर दहा वर्षे चालले. २०१३ अखेर सुमारे १५,५०० पैकी १४,८०० हून अधिक संगणक नव्या प्रणालीवर आले. आणि मग चक्र उलटे फिरले. २०१४ मध्ये नवे महापौर आले, तक्रारी वाढल्या, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. मुक्त स्रोताचे विरोधक आजही हेच उदाहरण पुढे करतात.

१०/ पण निकाल देण्यापूर्वी साधने तपासणे हा आपला शिरस्ता. शहराने मागवलेल्या २०१६ च्या सल्लागार अहवालात मुख्य दोष विखुरलेल्या संगणक-व्यवस्थेचा आणि संघटनेचा असल्याचे नमूद होते. इतर संस्थांशी होणारा व्यवहार बंदिस्त स्वरूपाच्या फायलींतच होत असे, त्यामुळे एकट्या म्युनिकला रोज अडखळावे लागे. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने ‘सार्वजनिक पैसा, सार्वजनिक संहिता’ हे तत्त्व पुन्हा स्वीकारले.

११/ जिथे नेतृत्व स्थिर राहिले, तिथे चित्र वेगळे दिसते. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये आरंभ कार्यालयीन साधनांपासून केला, मग ब्राउझर व ईमेल बदलले, आणि अखेरीस २००८ पासून खालची प्रणाली. आज तेथे सत्तर हजारांहून अधिक संगणक मुक्त प्रणालीवर चालतात. गड एकदम चढून जाण्याऐवजी एकेक बुरूज घेत जाण्याची ही रीत.

१२/ जर्मनीतीलच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रे ऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४०,००० हून अधिक मेलपेट्या मायक्रोसॉफ्टकडून मुक्त प्रणालींवर नेल्याचे त्याने जाहीर केले. दोन दशकांपूर्वी चर्चा मुख्यतः खर्चाची होती. आता कारण म्हणून शब्द येतो तो ‘डिजिटल सार्वभौमत्व’. हा शब्द अचानक का आला?

१३/ येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. साहुकार हे राज्याचे भूषण, असे ते मानते; पण टोपीकरांविषयी वेगळा इशारा देते. हे इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये उभी आहेत, हा त्याचा आशय. उपाय काय? व्यापार करू द्यावा, परंतु समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी बळकट जागा देऊ नये. व्यापाराला बंदी नव्हती. जागा कोणती द्यावी याची दक्षता होती.

१४/ व्यापाऱ्यामागचे राज्य २०२५ मध्ये स्पष्ट दिसले. फेब्रुवारीत अमेरिकेने हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अभियोक्ता करीम खान यांच्यावर निर्बंध लादले. मे महिन्यात बातमी आली की त्यांचे मायक्रोसॉफ्टवरील ईमेल खाते बंद पडले. आपण न्यायालयाची सेवा थांबवली नाही, असे कंपनीने सांगितले. तरी ऑक्टोबर अखेर न्यायालय ‘ओपनडेस्क’ या मुक्त स्रोत संचाकडे वळत असल्याचे समोर आले.

१५/ त्याच वर्षी जूनमध्ये फ्रेंच सिनेटपुढे शपथेवर प्रश्न विचारला गेला : फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीविना अमेरिकी शासनाकडे कधीच जाणार नाही, अशी हमी द्याल? मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांनी तशी हमी देता येत नसल्याचे सांगितले. यात त्यांचा कपटीपणा शोधू नये. कंपनी आपल्या देशाच्या कायद्याने बांधलेली असते. धोका त्या रचनेतच आहे.

१६/ हे युरोपपुरते मर्यादित नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जीची ईमेल व अन्य सेवा स्थगित केली. गुजरातेतील वाडिनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. कंपनी खासगी आहे. पण तिच्या जागी एखादे महानगर किंवा रुग्णालय असते तर, हा विचार करावा.

१७/ समाजमाध्यमांचेही तेच. एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या यंत्रणेच्या वापरासाठी शुल्क मागितल्यावर न्यू यॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने गाड्यांच्या सूचना तेथे देणे थांबवले. काही दिवसांनी ट्विटरने शासकीय संस्थांना सूट दिली. रेल्वे सार्वजनिक, प्रवासी सार्वजनिक, पण दवंडी पिटण्याचा चौक खासगी. हा थ्रेडही अशाच चौकात उभा आहे. लेखकाला ते चालते. महापालिकेने पुराची सूचना केवळ येथेच द्यावी, हे चालू नये.

१८/ आता आपल्या घरातील गोष्ट. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांच्या टंकांत लिहिला जाई. त्या संचांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, यात शंका नाही. परंतु प्रत्येकाची संकेतरचना वेगळी. टंक नसेल तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. हे संच भारतीय होते. आयएसएम तर शासकीय सी-डॅकचे. तरी कुलूप ते कुलूपच.

१९/ म्हणून ‘परदेशी काढा, स्वदेशी आणा’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. देवनागरीला तारले ते खुल्या मानकाने. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे, आणि मोडीलाही २०१४ मध्ये तेथे स्थान मिळाले. आज कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर आपण मराठी वाचतो, कारण अक्षरांचा संकेत कुणाच्या मालकीचा नाही. मालक कोणत्या देशाचा, याआधी विचारावयाचे ते हे की किल्ली कुणाकडे आहे.

२०/ इतिहासप्रेमींसाठी आणखी एक दाखला. १०८६ चे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवशे वर्षांनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागातून नवा डूम्सडे सिद्ध केला, तो विशिष्ट लेझर तबकड्यांवर. सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि २००२ च्या सुमारास संशोधकांना तो मजकूर वाचवण्यासाठी खटपट करावी लागली. उद्याचा सरदेसाई आजचे शासकीय दफ्तर कसे वाचणार?

२१/ गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, ते कागद टिकला आणि मोडी वाचणारे सहकारी मिळाले म्हणून. मोडीचे वर्ग आजही भरतात. ती लिपी शिकता येते, कारण तिचे नियम उघडे आहेत. बंद पडलेल्या कंपनीच्या गुप्त फाइल-स्वरूपाचे वर्ग कोण घेणार?

२२/ प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. प्रशिक्षण, देखभाल, तज्ज्ञांचे वेतन यांना पैसा लागतो. मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षितही नव्हे. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला, तेव्हा अर्धे जग ज्या संहितेवर विसंबून होते ती मोजकीच माणसे तुटपुंज्या साहाय्यावर सांभाळत होती, हे लक्षात आले. बड्या कंपन्यांची सुरक्षा-पथके सक्षम असतात, हेही खरे.

२३/ यावर माझे उत्तर असे. परवान्यासाठी दरवर्षी दिला जाणारा पैसा परत येत नाही. तोच माणसांवर खर्च केला तर कौशल्य संस्थेत राहते. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय-संस्थेने १९९९ मध्ये ‘कोहा’ ही प्रणाली बनवून घेतली आणि जगाला खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज भारतातील कितीतरी महाविद्यालयीन ग्रंथालये तीच वापरतात. तुमच्या आवडीचे ‘शोधगंगा’ही ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर उभे आहे.

२४/ केरळच्या शासकीय शाळांत जवळपास दोन दशके मुक्त प्रणालीवर शिक्षण चालू आहे. केंद्र सरकारचे मुक्त स्रोत धोरण २०१५ पासून कागदावर आहे. तेव्हा साधने नाहीत किंवा अनुभव नाही, ही सबब पुरत नाही. उणीव आहे ती खरेदीच्या वेळी योग्य प्रश्न विचारण्याच्या सवयीची.

२५/ सर्व कंपन्यांना उद्याच हाकलावे, असे मी म्हणत नाही. किमान चार अटी असाव्यात. एक, प्रत्येक सार्वजनिक दस्तऐवज खुल्या स्वरूपात जतन व्हावा. दोन, करार करतानाच बाहेर पडण्याचा मार्ग व खर्च लिहिलेला असावा. तीन, सार्वजनिक पैशातून बनलेली संहिता सार्वजनिक असावी. चार, सूचना प्रथम संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, नंतर समाजमाध्यमांवर याव्यात.

२६/ तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक, ग्रंथपाल, अधिकारी किंवा अभिलेखपाल व्हाल. संगणक-खरेदीची नस्ती समोर आली की किमतीबरोबर हेही विचारा : हा करार संपला, तर आमचे दफ्तर आम्हाला कोणत्या रूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? उत्तर लेखी मागा. आपल्या महाविद्यालयात वा ग्रंथालयात कोणती प्रणाली वापरली जाते, ते खाली जरूर लिहा; मतभेद असल्यास तेही साधार मांडा. (समाप्त)