फायटर वर का येतो?

विरार असो, नालासोपारा असो की वसई रोड, स्टेशनाच्या आसपास रंगीत माशांचे एखादे दुकान सापडतेच. मोठ्या टाक्यांच्या पुढ्यातल्या फळीवर प्लास्टिकचे छोटे पेले ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक पेल्यात एकेकटा फायटर. पोराचा हट्ट पुरवायला आलेले वडील विचारतात, ‘याला मोटर लागेल ना?’ उत्तर ठरलेले असते : ‘काही लागत नाही. हा वर येऊन हवा घेतो, बरणीतसुद्धा राहतो.’ या उत्तराचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. दुसरा भाग त्या माशाच्या जिवावर उठलेला आहे.

फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. भूलभुलैयासारखी रचना म्हणून त्याला लॅबरिंथ म्हणतात. वर येऊन तोंडात घेतलेली हवा तिथे पोहोचते आणि तिच्यातला प्राणवायू थेट रक्तात उतरतो. पिल्लाला ही सोय जन्मतः नसते, अंड्यातून बाहेर आल्यावर काही आठवड्यांनी ती तयार होते. मोठ्या फायटरला मात्र वरची हवा लागतेच. ती वाट बंद केली तर मासा असूनही तो पाण्यात गुदमरतो. काचेच्या फुलदाणीत वर रोप आणि खाली फायटर ठेवण्याची हौस अनेकांना असते. रोपाच्या मुळ्यांनी फुलदाणीचे तोंड भरून गेले की तिथे नेमके हेच होते.

हवा घेणारा मासा आपल्याला नवा नाही. बाजारात मरळ जिवंत मिळते ती याच ताकदीवर. टबात तळाशी चार बोटे पाणी असले तरी ती तासन्‌तास तग धरते. पण तो टब मरळीचे घर आहे, असे कोणी म्हणत नाही. विकली जाईपर्यंत तिने जिवंत राहावे, एवढाच त्याचा हेतू. फायटरच्या बाबतीत आपण तोच टब आयुष्यभराचा करून टाकला. तग धरण्याला आपण राहणे समजलो.

‘हा मूळचा उथळ पाण्यातलाच’ असेही समर्थन ऐकू येते. बरोबर आहे, फायटर थायलंडमधल्या भातखाचरांतला, पाणथळीतला मासा. थायलंडने 2019 मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. पण वसईच्या पूर्व पट्ट्यातले पावसाळ्यातले खाचर ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको, की उथळ म्हणजे लहान नव्हे. पाणी गुडघ्याएवढे असते, पण बांधापासून बांधापर्यंत पसरलेले असते. त्यात रोपे असतात, सावली असते, दुसऱ्या नरापासून दूर पळायला जागा असते.

मग वर येणारा फायटर बघून काय समजावे? आपल्याकडे ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा भिंतीभिंतीवर वाचत पिढ्या वाढल्या. गप्पीसारखे मासे सगळे एकदम वर येऊन तोंडे मिटू-उघडू लागले, तर पाण्यातला प्राणवायू संपत आला असे समजतात आणि ते बहुतेक वेळा बरोबर ठरते. तोच नियम फायटरला लावून काहीजण उगाच घाबरतात. उलट दुकानदाराचे ऐकलेले काहीजण मासा मरायला टेकला तरी ‘तो हवा खातोय’ म्हणून निर्धास्त राहतात. पाहायचे ते वर आल्यानंतर. निरोगी फायटर झपकन वर येतो, एक घोट हवा घेतो, वळतो आणि पुन्हा आपल्या फेरीला लागतो. काही मिनिटांनी पुन्हा येतो. वरचा थर हे त्याचे जेवणाचे ठिकाणही आहे. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, कारण डासांच्या अळ्या पृष्ठभागाला लटकून श्वास घेतात आणि त्या टिपणे हा त्याचा स्वभाव. नर तिथेच लाळेत घोळवलेल्या बुडबुड्यांचा पुंजका करतो. ते पिल्लांसाठीचे घरटे. घरटे दिसले म्हणजे नर वयात आला आहे. पण त्यावरून पाणी चांगले असल्याची खात्री धरू नये, वाईट पाण्यातही ते बांधले जाते.

काळजी करायची ती वेगळ्या चित्राची. मासा वर येतो आणि तिथेच राहतो. पर अंगाला चिकटलेले, कल्ल्यांची झाकणे भराभर हलणारी, रंग उतरलेला. कधी तो एका कुशीवर तरंगतो, खाली जायला धडपडतो आणि बुचासारखा पुन्हा वर येतो. अशा वेळी पोट फुगलेले असेल तर एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे, पण त्याआधी पाण्याकडे बघावे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. अर्ध्या लिटरच्या बरणीत तो लगेच साठतो आणि कल्ले भाजून काढतो. कल्ले निकामी होऊ लागले की फायटर अधिकाधिक वरच्या हवेवर जगू लागतो. म्हणजे ज्या ताकदीच्या भरवशावर त्याला बरणीत टाकले, तीच ताकद बरणीने केलेली इजा झाकून ठेवते. दुसरा मासा दोन दिवसांत मरून निदान सांगतो तरी. फायटर मात्र आठवडेच्या आठवडे झिजतो.

आपल्या भागात पाण्याचा प्रश्न आणखी वेगळा. एका इमारतीत सूर्या, उसगाव किंवा पेल्हार पाणीयोजनेचे क्लोरीन घातलेले पाणी, शेजारच्या इमारतीत टँकरचे, आज या विहिरीचे तर उद्या त्या बोअरचे. क्लोरीनने कल्ले पोळतात, म्हणून नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडे ठेवावे. टँकरचे असेल तर टाकीतले पाणी एकदम कधीही बदलू नये, चौथाई बदलावे. पंधरा-वीस लिटरची टाकी असली तर हे बदल माशाला सोसतात. फायटरला 24 ते 28 अंशांचे पाणी मानवते आणि एवढे पाणी हळूहळू तापते, हळूहळू निवते. वर झाकण हवे, कारण हा मासा उडी मारतो. पण झाकण आणि पाणी यांच्यामध्ये तीन-चार बोटे जागाही हवी, तिथलीच ऊबदार हवा त्याला घ्यायची असते.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या शब्दात येतो. पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या अपुऱ्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राण्याला कोंडणे, हा त्याच्या 11 व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. फळीवरच्या पेल्याला ते कलम लावून पाहावे. पेला विकला जाईपर्यंतचा आहे असे म्हणणाऱ्या दुकानदाराने, तो घरी गेल्यावर बरणी होणार नाही, हेही पाहावे. ‘याला काय लागते’ असे वडिलांनी विचारले की पेला पुढे करण्याआधी त्यानेच उलट विचारावे, घरात वीस लिटरच्या टाकीला जागा आहे का? नसेल, तर मासा देऊ नये.