घराची चिकटवही

२२ जुलै २०२१ रोजी महाडात सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले. भांडीकुंडी पुन्हा आली. लग्नाचे फोटो, आजोबांची पत्रे आली नाहीत.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. रा. बा. मोरे, सुरबानाना टिपणीस यांची नावे ग्रंथांत आली. आमच्या आजे-पणजांची नावे घरातच विरली. म्हणून भगिनींना आमची विनंती : घरात एक चिकटवही करा.

त्यात काय लावावे? पोलादपूर-महाड एस.टी.चे तिकीट, मुलीचे पहिले प्रगतिपुस्तक, भातझोडणीचा हिशेब, मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरचे जुने कुपन, २० मार्चला घरी जेवलेल्या पाहुण्यांची नावे. प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि दोन ओळी लिहा. ओळी सुचल्या नाहीत तर आजीला विचारा. ती सांगेल तसेच लिहा.

मूळ कागद जपून ठेवा, वहीत झेरॉक्स लावा. मशीनच्या तिकिटावरची अक्षरे उडून जातात. दमट हवेत पिठाच्या खळीला कसर लागते, हेही ध्यानात असू द्या. फोटोमागे नावे पेन्सिलीने लिहा.

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि पानांचे मोबाईलवर फोटो काढून मुंबईच्या नातेवाइकांकडे पाठवा. पूर आला तरी एक प्रत उरेल. आम्ही आमची वही याच रविवारी सुरू करीत आहोत. आपणही करा.